त्वेरचा व्यापारी जुन्नरात आणि त्वेर मॉस्कोच्या घशात

१/९
इ.स. १४७० च्या सुमारास एक रशियन व्यापारी चौल बंदरी उतरून घाट चढला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. त्याचे नाव अफनासी निकितिन. जुन्नरची कुकडी शिरूर तालुक्यात टाकळी हाजीच्या रांजणखळग्यांतून वाहत घोडनदीला मिळते आणि घोडनदी पुढे भीमेला. शिरूर-दौंडकरांच्या शेजारी आलेल्या या पाहुण्याच्या मायभूमीची, त्वेर संस्थानाची, ही कथा.

२/९
त्वेर हे मॉस्कोच्या वायव्येस व्होल्गा नदीकाठचे नगर. तेराव्या शतकाच्या मध्यास त्याचे स्वतंत्र संस्थान झाले. तेव्हा रशियन राजे मोंगल खानाचे मांडलिक होते. सर्वांत मोठा मान ‘महाराजा’ या पदाचा. ते खानाच्या सनदेनेच मिळे.

३/९
चौदाव्या शतकाच्या आरंभी ही सनद त्वेरच्या मिखाईलकडे होती. मॉस्कोच्या युरीने खानाकडे कागाळ्या केल्या आणि १३१८ साली खानाच्या छावणीत मिखाईलचा वध झाला.

४/९
१३२७ मध्ये त्वेरची रयत खानाच्या प्रतिनिधीविरुद्ध उठली. युरीचा भाऊ इव्हान कलिता खानाच्या फौजेसह त्वेरवर चालून गेला आणि संस्थान उद्ध्वस्त झाले. पुढे सनद आणि खंडणी गोळा करण्याचा अधिकार मॉस्कोकडे गेला. धर्मप्रमुखही मॉस्कोतच राहू लागला. पैसा, पद आणि धर्मपीठ, तिन्ही एका ठिकाणी आली.

५/९
१३७५ साली त्वेरने मॉस्कोचे वडीलपण तहान्वये मान्य केले. पुढे सोयरीकही झाली: त्वेरचा शेवटचा राजा मिखाईल बोरिसोविच याची बहीण मारिया ही मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानची पहिली पत्नी. सोयरिकीने राज्य वाचले नाही.

६/९
याच मिखाईलच्या काळात निकितिन घराबाहेर पडला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्मांतर केल्यास घोड्यासह हजार मोहरा देऊ केल्या. खोरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केली. घोडा परत मिळाला, धर्मही राहिला.

७/९
१४८५ मध्ये तिसऱ्या इव्हानच्या फौजेने त्वेरला वेढा घातला. सरदार मॉस्कोला जाऊन मिळाले, राजा रातोरात लिथुएनियाला पळाला. संस्थान संपले.

८/९
नेमक्या याच काळात दख्खनेत उलटे घडत होते. १४८१ मध्ये महमूद गावानचा वध झाला आणि बहमनी राज्याची वीण उसवली. १४९० साली जुन्नरच्याच मलिक अहमदाने स्वतंत्र निजामशाही उभारली. शिरूर-दौंडचा मुलूख तिच्यात गेला. पुढे भोसल्यांना पुणे-सुप्याची जहागीर मिळाली ती याच निजामशाहीकडून. तिकडे संस्थान राज्यात विरले, इकडे सुभ्याचे राज्य झाले.

९/९
निकितिन त्वेरला पोहोचलाच नाही. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची टिपणे १४७५ मध्ये मॉस्कोच्या एका दरबारी कारकुनाकडे आली आणि बखरीत उतरली. त्वेर गिळणाऱ्या मॉस्कोच्याच दफ्तराने त्वेरच्या माणसाचा आवाज जपला. जेत्याचे दफ्तर वाचताना म्हणूनच पराभूतांचा मजकूरही शोधावा. तो अनेकदा तिथेच असतो.