जुन्नर शिलालेखांतील 'गत'

'गत' हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथील दोन प्राकृत शिलालेखांत आलेले समूहनाम आहे. ब्राह्मी लिपीतील हे लेख शिवनेरी डोंगरातील बौद्ध लेण्यांत असून ते साधारणतः इ.स.च्या दुसऱ्या शतकातील मानले जातात. हे गत म्हणजे युरोपातील गॉथ ही जर्मानिक जमात होय, असे मत नॉर्वेचे भारतविद्यातज्ज्ञ स्टेन कोनो (१८६७–१९४८) यांनी १९१२ मध्ये मांडले. हे मत सर्वमान्य झालेले नाही.

शिलालेख

पहिल्या लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखानुसार चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. दोघांच्याही नावासोबत 'गतान' (गतांपैकी) हे षष्ठी बहुवचनाचे रूप येते. जुन्नरजवळच्याच मानमोडी डोंगरातील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर चंद या यवनाचा दानलेख आहे. त्यात मात्र गतांचा उल्लेख नाही. जुन्नरचे लेख भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केले.

'यवन' हा शब्द मूळचा ग्रीकांसाठी असला, तरी पुढे तो पश्चिमेकडील इतर परकीयांनाही लावला जाऊ लागला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाच्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा स्वतःला उत्तरेकडील दात्तामित्री येथील योनक म्हणवतो. नाणेघाटाच्या मार्गाने जुन्नर कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडलेले असल्याने तेथे परकीय दाते आढळणे स्वाभाविक आहे.

गॉथ लोक

इ.स. ५५१ च्या सुमारास योर्डानेस याने लिहिलेल्या 'गेटिका' या ग्रंथातील आख्यायिकेप्रमाणे, बेरिग राजाच्या नेतृत्वाखाली गॉथ तीन जहाजांतून स्कँडिनेव्हियाहून निघाले. टॅसिटसने इ.स. ९८ मधील 'जर्मानिया'त 'गोटोनेस' लोकांचा उल्लेख केला आहे. तिसऱ्या शतकात गॉथ काळ्या समुद्राच्या उत्तरेस नांदत होते. इ.स. ३७८ मध्ये त्यांनी आड्रियानोपलच्या लढाईत रोमन सम्राट वालेन्स याचा पराभव केला आणि ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली रोम लुटले.

मतांतरे

कोनो यांच्या मताला नामसाम्याचा आधार आहे. 'इरिल' हे नाव स्कँडिनेव्हियातील प्राचीन रूनिक लेखांत येणाऱ्या 'एरिलाझ' या शब्दाजवळ जाते. तथापि दोन अडचणी उरतात. पहिली ध्वनीची: टॅसिटसच्या रूपात 'ओ' आहे, तर जुन्नरच्या लेखांत 'अ'. दुसरी काळाची: रोमन साम्राज्यावरील गॉथांचे हल्ले इ.स. २३८ च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे हे लेख त्यापूर्वीचे ठरतात. 'गत' हे 'गर्त' या संस्कृत नावाचे प्राकृत रूप असावे, असाही एक पर्याय सुचविण्यात आला आहे. तसे असल्यास या दात्यांचा युरोपशी संबंध उरत नाही.

महत्त्व

हे दाते गॉथ असल्यास पश्चिम भारतात आलेल्या जर्मानिक लोकांचा हा अत्यंत प्राचीन पुरावा ठरेल. मात्र तो केवळ एका शब्दावर आधारलेला आहे. लेखांतून निश्चितपणे एवढेच समजते, की स्वतःची परकीय ओळख न लपवता दोन यवनांनी बौद्ध संघाला पाण्याची व भोजनाची सोय करून दिली.