हिमावरची तीनचाकी आणि तिचे टायर

आडरानात चालवायच्या तीनचाकीचा जन्म हिवाळ्याच्या गरजेतून झाला आणि तिला रूप दिले ते टायरांनी. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावत असे, म्हणून त्या महिन्यांत विकता येईल असे वाहन विक्रेत्यांना हवे होते. होंडाच्या जपानमधील संशोधन विभागात ओसामु ताकेउची या अभियंत्याच्या गटाकडे हे काम आले. गटाने दोनपासून सहा चाकांपर्यंतचे नमुने बनवून हिमात आणि चिखलात चालवून पाहिले. मोटारसायकलच्या जातीची अरुंद चाके हिमात रुतत. चाके वाढवली की वजन वाढे आणि लहान इंजिन दमे. हिम, चिखल आणि निसरडी जमीन या तिन्हींवर तीन चाकांची मांडणी सरस ठरली, पण चाकांवर काय चढवायचे हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर फुग्यासारख्या मऊ, रुंद टायरात सापडले. अशा टायरामागची कल्पना त्याहून जुनी होती. अलास्कात शिक्षक असलेल्या विल्यम अल्बी यांनी 1930च्या दशकात तिथल्या लोकांना जड होडी जमिनीवरून नेताना पाहिले होते. सीलच्या कातड्याच्या पिशव्यांत हवा भरून त्या होडीखाली घालत आणि होडी त्यांच्यावरून लोटत नेत. पिशव्या दबत, पसरत आणि भार मोठ्या जागेवर वाटला जाई. त्यावरून अल्बी यांनी अगदी कमी हवेवर चालणारी पिंपासारखी चाके तयार केली. 1960च्या दशकात उत्तर अमेरिकेत जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या छोट्या सहाचाकी गाड्या निघाल्या, त्यांनाही मऊ फुगीर टायर होते. अ‍ॅम्फिकॅट या सहाचाकीचे टायर 20 इंची होते. ताकेउचींच्या गटाने हा धागा पकडला आणि आपल्या तीनचाकीसाठी 22 इंची टायर घडवले.

ही गाडी 1970 साली अमेरिकेत ‘यूएस 90’ या नावाने बाजारात आली. इंजिन 89 सीसीचे, ताकद सात अश्वशक्ती आणि किंमत 595 डॉलर. पुढे तिचे नाव ‘एटीसी 90’ झाले. तिला स्प्रिंग किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हते, खड्ड्यांचे धक्के टायरच पचवत. सुरुवातीच्या टायरांना वेगळी रिमही नव्हती, ते थेट हबवर बसवलेले असत. शेतकऱ्यांनी गाडी कामाला जुंपल्यावर या मऊ टायरांची उणीव उघडी पडली, कारण कापणीनंतर उभे राहिलेले टोकदार धसकट त्यांत घुसे. पुढे टायरांची बांधणी चिवट करण्यात आली आणि 1970च्या दशकाच्या मध्यास पोलादी रिम आली.

हे टायर हिमावर का चालत, हे त्यांतल्या हवेवरून कळते. मोटारीच्या टायरात साधारण तीस पाउंड हवा असते, म्हणजे दर चौरस इंचाला तीस पाउंड दाब. एटीसीच्या टायरात ती सुमारे 2.2 पाउंडच असे. पातळ, लवचिक टायर जमिनीवर साधारणपणे आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. चालताना एका पायावर भार येतो, तेव्हा माणसाच्या पावलाखालचा दाब याहून बराच जास्त असतो. म्हणूनच पायी जाणारा मांडीपर्यंत रुतेल अशा हिमावरून मोठ्या फुगीर टायरांची गाडी वरच्यावर जाऊ शके. पुढे मोठ्या इंजिनांबरोबर टायरही वाढले. 1980 साली आलेल्या एटीसी 185ला 25 इंच उंच, 12 इंच रुंद आणि 9 इंची रिमवर बसणारे टायर होते. टायरवर 25×12-9 असे जे आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ हाच.

हिमासाठी टायर निवडताना आधी हिमाची जात पाहावी लागते. ताज्या, भुसभुशीत हिमात रुंद टायर, कमी हवा आणि उथळ नक्षी उपयोगी पडते. तिथे खोल गोट्यांचा, म्हणजे नक्षीत उंच रबरी उंचवटे असलेला, टायर जागच्या जागी फिरून खड्डा खणतो आणि गाडी आसावर टेकते. हिमाचा थर पातळ आणि खाली घट्ट जमीन असेल तर उलटे होते. रुंद टायर हिमावर घसरतो, तर अरुंद, खोल गोट्यांचा टायर हिम चिरून जमीन पकडतो. रहदारीने दाबून घट्ट झालेल्या हिमावर साखळ्या लागतात. गोठलेल्या तळ्यावर नुसत्या रबराचा निभाव लागत नाही. अमेरिका आणि कॅनडात अशा तळ्यांवर शर्यती होत, तेव्हा टायराच्या गोट्यांत धारदार डोक्याचे स्क्रू बसवत. वाळूसाठी बनवलेले वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे टायर भुसभुशीत हिमात जोर देतात, पण घट्ट पृष्ठावर निरुपयोगी ठरतात.

पुढच्या चाकाची अडचण निराळी. तीनचाकीत चालकाचे आणि इंजिनाचे बरेच वजन मागच्या आसावर येते, आणि मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्याने सारख्याच वेगाने फिरतात. ती गाडीला सरळ पुढे रेटतात, हलके पुढचे चाक वळवले तरी हिमावर घसरत राहते. त्यामुळे पुढे मध्यभागी उभी कड असलेला टायर बरा, कारण ती कड हिमात चर पाडून दिशा धरते. खेळाच्या गाड्यांत पुढे उंच, अरुंद टायर आले ते वळणासाठीच. एटीसी 250आरला पुढे 23.5×8-11 मापाचा टायर होता. काही जण पुढचे चाक काढून तिथे स्की बसवत.

हवेचे माप ही हिवाळ्यातली सर्वांत नाजूक बाब. 20 अंश सेल्सियसच्या उबदार गॅरेजात 2.2 पाउंड हवा भरलेला टायर उणे 20 अंशांत बाहेर काढला, तर हवा आकसून जवळजवळ सगळा दाब नाहीसा होतो. मोटारीच्या तीस पाउंडांत ही घट निभते, इथे टायर पार लुळा पडतो आणि रिमवरून निसटूही शकतो. म्हणून हवा बाहेरच्या थंडीत तपासावी लागते. नेहमीच्या गेजवर दोन पाउंड नीट वाचता येत नाहीत. त्यासाठी कमी दाबाचे गेज लागते, आणि होंडाच्या पुस्तिकांत टायरचा घेर फीत लावून मोजण्याची पद्धतही दिलेली असे. मागच्या दोन टायरांचा घेर वेगळा असला तर अखंड आसामुळे गाडी एका बाजूला ओढते, म्हणून ही मोजणी दुहेरी कामाची.

रशियाच्या उत्तरेत आणि सायबेरियात हीच वाट लोकांनी घरच्या घरी शोधली. जुन्या मोटारसायकलचे इंजिन, ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्यूब आणि त्यांना आवळलेले पट्टे एवढ्यावर ‘काराकात’ नावाची गाडी उभी राहते. तिच्या अनेक नमुन्यांना तीनच चाके असतात. मासेमारीला जाताना नदीवरचा बर्फ फुटला, तर मोठ्या ट्यूब गाडीला पाण्यावर तोलून धरतात.

कारखान्यांत बनणाऱ्या तीनचाकींचा काळ मात्र थोडा ठरला. 1982 साली सुझुकीने चारचाकी आणली. तीनचाकी उलटून झालेल्या अपघातांत अनेकांचे, त्यांत कितीतरी मुलांचे, जीव गेले. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने उत्पादकांवर खटला भरला आणि 1988च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तिथे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. 2008च्या कायद्याने त्यांची आयात आणि वितरण यांवरही बंदी आली. गाडी गेली, पण तिच्यासाठी घडलेला कमी हवेचा रुंद टायर चारचाकींनी उचलला. हिमावर निघालेल्या चारचाकीसाठीही हिमाची जात, टायरची नक्षी आणि थंडीत मोजलेली हवा याच तीन गोष्टी पाहून टायर निवडला जातो.