गुरूची वाणी, शिष्याची लेखणी

अठराव्या शतकात पूर्व युरोपातील यहुदी समाजात हसीदी पंथाचा उदय झाला. कोरड्या पांडित्यापेक्षा मनोभावे केलेल्या प्रार्थनेला आणि ईश्वराच्या सान्निध्यातील आनंदाला या पंथाने अधिक मोल दिले. त्याचे प्रवर्तक बाल शेम टोव्ह. त्यांचे पणतू रब्बी नाख्मन (१७७२-१८१०) १८०२ साली आज युक्रेनमध्ये असलेल्या ब्रेस्लव गावी वास्तव्यास आले. त्याच वर्षी जवळच्या नेमिरोव्ह गावचा नाथान नावाचा तरुण त्यांच्या चरणी येऊन बसला. त्याचे सासरे नामांकित रब्बी होते आणि हसीदी पंथाचे कडवे विरोधक होते. घरच्यांचा रोष पत्करून नाथान गुरूकडे येत राहिला आणि पुढे त्यांचा लेखनिक झाला.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. नाख्मन यांची महत्त्वाची प्रवचने बहुधा शब्बाथ दिनी आणि सणांच्या दिवशी होत. त्या दिवशी लेखन करणे यहुदी धर्मशास्त्राने वर्ज्य मानले आहे. म्हणून शिष्याने सारे प्रवचन मनात साठवायचे आणि पवित्र दिवस सरल्यावरच टाक हाती घ्यायचा! शिवाय गुरू बोलत यिद्दिशमध्ये, तर धर्मग्रंथांची भाषा हिब्रू. ऐकलेले आठवायचे, भाषांतरित करायचे आणि तरीही गुरूचा आशय ढळू द्यायचा नाही, अशी ही तिहेरी कसोटी होती.

१८०८ साली ऑस्ट्रोग येथे ‘लिकुटे मोहरान’ या प्रवचनसंग्रहाचा पहिला भाग छापून निघाला. त्यातील काही प्रवचने नाख्मन यांनी स्वतः शब्दबद्ध केलेली आहेत, काही अन्य शिष्यांनी टिपलेली आहेत. आणि ग्रंथात तशा खुणा केलेल्या आढळतात. गुरूचे शब्द कोणते आणि शिष्याचे कोणते, हे वाचकापासून लपवलेले नाही.

याच वर्षी नाथान यांच्या निष्ठेची अधिक कठीण परीक्षा झाली. गुरूने सांगितलेला आणखी एक ग्रंथ त्यांनी लिहून घेतला होता. क्षयाने ग्रासलेले नाख्मन उपचारासाठी लेम्बर्गला गेले होते. त्या ग्रंथाच्या अस्तित्वामुळेच आपला जीव धोक्यात आहे, अशी त्यांची धारणा झाली. त्यांनी एका शिष्याला ब्रेस्लवला धाडले आणि ग्रंथाच्या दोन्ही हस्तलिखित प्रती जाळावयास लावल्या. आज तो ‘जाळलेला ग्रंथ’ याच नावाने ओळखला जातो. लेखनिकाच्या श्रमांची राख झाली. तथापि त्याची लेखणी थांबली नाही.

१८१० साली नाख्मन उमान येथे निवर्तले. त्यानंतर नाथान यांनी प्रवचनांचा दुसरा भाग प्रसिद्ध केला आणि १८१५ साली गुरूच्या कथा हिब्रू व यिद्दिश अशा दोन्ही भाषांत छापल्या. विद्वानांबरोबर साध्या माणसांनाही त्या वाचता याव्यात, हा त्यामागील हेतू. पुढे विरोधकांच्या छळामुळे त्यांना ब्रेस्लवही सोडावे लागले. १८४४ साली त्यांचे निधन झाले.

नाख्मन यांच्या गादीवर दुसरा गुरू बसला नाही. त्यांच्या अनुयायांनी ग्रंथांतील वाणीलाच मार्गदर्शक मानले. ही वाणी आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः एका शिष्याच्या स्मरणशक्तीमुळे आणि प्रामाणिकपणामुळे. स्वतःचे नाव मागे ठेवून दुसऱ्याचा शब्द जपणारी अशी माणसे इतिहासात थोडीच. पण श्रद्धेचा वारसा त्यांच्याच हातांनी पुढच्या पिढ्यांकडे जात असतो.