वारा डोंगराचा, सवलत कोणाची?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर हा अवर्षणग्रस्त तालुका. पोटासाठी मुंबई गाठणे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. याच तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. या वाऱ्याने गावाला रोजगार दिला का? उत्तरासाठी सवलतींचा इतिहास पाहू.

पवनचक्कीला इंधन लागत नाही. खर्च असतो तो उभारणीचा. म्हणून १९९० च्या दशकात केंद्र सरकारने घसाऱ्याची सवलत दिली. यंत्राची सारी किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येई. समजा, यंत्र १० कोटींचे आणि कराचा दर ३५ टक्के. तर त्या वर्षीचा कर साडेतीन कोटींनी कमी! १९९८ मध्ये महाराष्ट्राने विक्रीकरातील सवलतीची जोड दिली. सुप्याजवळ यंत्रे उभी राहू लागली. टाटा पॉवरचा १७ मेगावॅटचा प्रकल्प त्यांपैकीच.

पण येथे एक मेख होती. कर वाचवायचा तर आधी मोठा नफा हवा. कोरडवाहू शेतकऱ्याकडे तो कोठून येणार? त्यामुळे डोंगर गावचा असला तरी यंत्राचा मालक बहुधा शहरातला राहिला. रस्ते व पाया खणण्याचे काम काही महिन्यांचे. त्यानंतर उरले थोडे तंत्रज्ञ आणि रखवालदार. याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याला दरवर्षी ऊस लागतो, म्हणून दरवर्षी काम निघते. वाऱ्याची ना लागवड, ना तोडणी!

शिवाय ही सवलत यंत्र उभारण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हे. ही उणीव जाणून २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन सुरू झाले. २०१२ च्या एप्रिलपासून दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅटची यंत्रे बसली होती. पुढच्या वर्षी जेमतेम १,७००. उभारणीवर पोट असणाऱ्यांना याची झळ बसणारच. सवलती पुढे परत आल्या. पण रोजगार धोरणाच्या एका फटक्यावर किती अवलंबून असतो, हे त्या वर्षाने दाखविले.

२०१७ मध्ये राज्याने शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची योजना आणली. राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. सौर पट्ट्यांनाही माणसे थोडीच लागतात. मात्र दिवसा पाणी मिळाले की शेतात काम वाढते. म्हणजे रोजगार वीज निर्माण करण्यापेक्षा ती वापरण्यात अधिक दडलेला असतो.

आपल्या परिसरातील एखादी सवलत घेऊन विद्यार्थ्यांसह तीन प्रश्न विचारून पाहू : पैसा कोणाला मिळाला, काम किती काळ टिकले, आणि वीज कोठे गेली?