सार्वजनिक जागा आणि श्वान : मुंबई ते पनवेल

प्रस्तावना :
श्वानउद्यानाचे नूतनीकरण व विस्तार हे आधुनिक नागरी सुविधेचे काम मानले जाते. सार्वजनिक जागेत श्वानाचे स्थान कोणते, हा त्यामागील प्रश्न मात्र जुना आहे.

विवेचन :
कंपनी सरकारच्या काळात मुंबईत बेवारस कुत्रे मारणाऱ्यास ८ आणे मिळत. या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाजाने दंगल केली. हिंदू व जैनही विरोधात सामील झाले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाले. हत्येऐवजी निवारा हा पर्याय त्यातून रूढ झाला.

२००१ च्या केंद्रीय नियमांनी नसबंदी व लसीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्याचे धोरण स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शैक्षणिक संस्था, रुग्णालये व स्थानके येथील भटके कुत्रे निवाऱ्यात हलविण्यास सांगितले. पांजरपोळाचा मार्ग अशा रीतीने पुन्हा पुढे आला.

पनवेल नगरपालिकेची परंपरा १८५२ पासूनची. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाल्यावर खारघर, कामोठे, कळंबोली ही सिडकोने वसविलेली उपनगरे तिच्या हद्दीत आली. त्यामुळे हा प्रश्न तेथे अधिक व्यापक झाला.

निष्कर्ष :
श्वानउद्यान प्रामुख्याने पाळीव कुत्र्यांना जागा देते. १८३२ पासूनचा वाद बेवारस कुत्र्यांचा आहे. म्हणून उद्यानाच्या विस्ताराबरोबरच नसबंदी केंद्र व निवारा यांची तरतूद झाली, तरच ते धोरण इतिहासाशी सुसंगत ठरेल.