ई-मेलमधील अक्षरे बिघडतात तेव्हा

कोलकात्याहून बंगालीत धाडलेला किंवा पुण्याहून मराठीत आलेला ई-मेल उघडावा आणि पडद्यावर मजकुराऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा अनाकलनीय रोमन चिन्हे दिसावीत, हा अनुभव अनेकांना येतो. असे पत्र बहुतेक वेळा नष्ट झालेले नसते. बिघाडाचे रूप नीट पाहिल्यास दोष कोठे आहे आणि मजकूर परत मिळेल की नाही, हे ओळखता येते.

पार्श्वभूमी

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि कोलकाता येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ई-मेलच्या वहनाचे मूळ नियम मात्र १९८२ सालचे होते. त्यांत केवळ १२८ चिन्हांची सोय होती आणि ती इंग्रजीलाच पुरेशी होती. १९९२ मध्ये आलेल्या 'माइम' या पद्धतीने, पत्र कोणत्या अक्षरसंचात लिहिले आहे याची नोंद पत्राच्या शीर्षभागात करता येऊ लागली.

भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक प्रसिद्ध केले. 'युनिकोड'ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक असतो. देवनागरी आणि बंगाली यांना प्रत्येकी १२८ जागा असून हे दोन्ही गट एकमेकांना लागूनच आहेत.

बिघाडाच्या खुणा

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर पत्र 'यूटीएफ-८' या युनिकोड पद्धतीत लिहिलेले असून ते पाश्चात्त्य अक्षरसंचाप्रमाणे वाचले जात आहे. या पद्धतीत देवनागरी आणि बंगाली लिपींतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यांतील पहिला बाइट समान असतो. दुसऱ्या बाइटवरून लिपी ओळखता येते. त्या 'ए'पुढे चार टोके असलेले लहान वर्तुळ किंवा येन या जपानी चलनाचे चिन्ह असल्यास मूळ मजकूर देवनागरी असतो. तुटलेली उभी रेघ किंवा कलमाचे चिन्ह असल्यास तो बंगाली असतो.

बरोबरीचे चिन्ह आणि त्यापुढे अंक वा रोमन अक्षरांच्या जोड्या दिसणे, ही वहनासाठी केलेली सांकेतिक मांडणी न उलगडल्याची खूण आहे. यातही मजकूर सुरक्षित असतो.

रिकामे चौकोन दिसत असतील, तर अक्षरे योग्य आहेत, परंतु संगणकावरील फाँटमध्ये त्यांचे आकार नाहीत.

केवळ साधी रोमन अक्षरे विस्कळीतपणे दिसत असल्यास पत्र जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेले असण्याची शक्यता असते. अशा फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी भारतीय अक्षरांचे आकार बसविलेले असत. तोच फाँट बसविणे किंवा रूपांतरक वापरणे हा त्यावरील उपाय आहे.

अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे असणे ही मात्र सर्वांत गंभीर खूण होय. वाटेत कोठेतरी, बहुधा पाठविणाऱ्याच्याच संगणकावर, अक्षरे पुसून त्या जागी प्रश्नचिन्हे घातली गेलेली असतात. असे पत्र पुन्हा मागविण्यावाचून गत्यंतर नसते.

जेथे अर्थ बदलतो

काही बिघाड नजरेतून निसटतात. बंगालीत 'शारदोत्सव' या शब्दातील त् 'खंड-त' या खास आकाराने लिहितात. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००५ मध्ये मिळाले. तोपर्यंत तो त, हसंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या आधारे लिहावा लागे. जोडचिन्ह गळाले की खंड-तच्या जागी जोडाक्षर उमटे. मराठीतील अर्ध्या 'र'चेही तसेच आहे. तो याच जोडचिन्हाने लिहिला असेल आणि वाटेत ते चिन्ह गळाले, तर स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना पाठविलेला निरोप आचार्यांना पाठविल्यासारखा वाचला जातो. 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिलेल्या अर्ध्या 'र'ला हा धोका नसतो.

'ॲ' या अक्षराला २००८ मध्ये, तर रुपयाच्या चिन्हाला २०१० मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. त्यामुळे जुन्या संगणकावर ही चिन्हे चौकोनाच्या रूपात दिसू शकतात. आर्थिक व्यवहाराच्या पत्रात रक्कम अक्षरांतही लिहिणे म्हणूनच हिताचे ठरते.

काय करावे

बिघडलेल्या पत्रास उत्तर देऊ नये किंवा त्यातील मजकूर नकलून ठेवू नये. नकलताना न दिसणारी काही चिन्हे सुटतात आणि दुरुस्ती अशक्य होऊ शकते. पत्र दुसऱ्याकडे पाठवायचे असल्यास मूळ पत्र जोडपत्र म्हणून पाठवावे.

त्यानंतर अक्षरसंच बदलून पाहावा. 'थंडरबर्ड'मध्ये 'व्ह्यू' यादीत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' हा पर्याय असतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' निवडल्यास पत्राचे मूळ रूप आणि अक्षरसंचाची नोंद पाहता येते. केवळ विषयाची ओळ बिघडली असल्यास मजकुराविषयी चिंता करण्याचे कारण नाही. तिची मांडणी स्वतंत्रपणे केलेली असते.

पाठविणाऱ्याने यूटीएफ-८ हाच अक्षरसंच निवडावा. अर्ज, दाखले, करारनामे अशी महत्त्वाची कागदपत्रे फाँट अंतर्भूत केलेल्या पीडीएफ स्वरूपात जोडणे अधिक सुरक्षित असते.