रंगप्रतिमा (मराठी गीतांतील)

भावना सूचित करण्यासाठी गीतांत योजलेल्या रंगांच्या प्रतिमा. अभंग, गवळण, ओवी, लावणी, भावगीत, चित्रपटगीत अशा सर्व प्रकारांत त्या आढळतात. मराठी गाण्यात रंग सहसा सुटा येत नाही. तो चुड्याचा, हळदीचा, शालूचा किंवा मेघाचा असतो, आणि त्या वस्तूभोवतीची रीतच भावना सांगून जाते.

काळ्याची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. तो शुभकार्यात वर्ज्य, तरी मंगळसूत्राचे मणी काळेच आणि संक्रांतीची चंद्रकळाही काळीच. गीतकारांना हीच बाजू भावली. विष्णुदास नामा यांच्या एका प्रसिद्ध गवळणीत रात्र, घागर, यमुनेचे पाणी, अंगावरचे वस्त्र, गळ्यातली एकावळी असे एकेक करून सारे काळे होत जाते आणि ज्याच्या ओढीने गौळण निघाली तो कृष्णही काळाच. इथे काळा म्हणजे शोक नव्हे. प्रियाखेरीज दुसरे काही दिसू नये अशी ती अवस्था आहे. विठ्ठलाच्या सावळेपणात हीच ओढ वात्सल्याकडे झुकते. संत सोयराबाईंच्या, किशोरी आमोणकरांनी भैरवीत गाऊन घरोघरी पोहोचवलेल्या अभंगात तर रंगाला नावच उरत नाही. भक्त आणि देव यांचे एकरूप होणे म्हणजेच रंग.

हिरवा रंग सौभाग्याचा, श्रावणाचा आणि डोहाळजेवणाचा. म्हणून त्यात तृप्तीपेक्षा अपेक्षा अधिक असते. तोच लावणीत शालू-चोळीवर आला की सरळ शृंगार होतो. हळदीचा पिवळा लग्नाच्या ओव्यांत आनंदाचा खरा, पण त्यात माहेर सुटण्याची कालवाकालवही असते. जेजुरीच्या वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत मात्र भंडाऱ्याचा पिवळा निव्वळ उधळण असतो. कुंकवाच्या लालाचा परिणाम तो पुसला गेल्यावर अधिक होतो. वैधव्याचे दुःख सांगायला गाण्याला पांढरे कपाळ पुरते. गुलाबी बहुधा चित्रपटगीतांतल्या लाजेपुरता राहिला आणि अतिवापराने गुळगुळीत झाला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गाण्यांत निळा उदासीचा आहे. मराठी गीतपरंपरेत तो सहसा तसा येत नाही. जुन्या गीतांत तो घननीळ कृष्णाचा, म्हणजे काळ्याचाच सख्खा भाऊ. विसाव्या शतकात त्याला अगदी वेगळा अर्थ मिळाला. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाचा ध्वज निळा होता. आंबेडकरी जलसे आणि भीमगीतांतून निळे निशाण, निळे आभाळ, निळी पाखरे अशा प्रतिमा रुजल्या. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोकशाहिरांनी ही गाणी गावोगाव नेली. या गाण्यांतला निळा स्वाभिमानाचा आहे, आणि तो एकट्याचा नसून जमावाचा आहे. तो ढोलकीच्या ठेक्यावर, कोरसात गायला जातो.